तालमीच्या हॉलमध्ये आपली मुलं का दिसत नाहीत?

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली की महिन्याभरात नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. आता तो व्हॉट्सॲपवरही फिरतो. एकांकिकेसाठी ऑडिशन आहे, सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली आहे, अनुभवाची अट नाही, आणि खाली दोन सीनियरचे फोन नंबर. प्राध्यापकाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण हे सगळं मुलंच चालवतात. ऑडिशन तीच घेतात, संहिता तीच निवडतात किंवा लिहितात, पैसे तीच गोळा करतात, लेव्हल्स तीच उचलतात आणि निकाल विरोधात गेला की रात्रभर जागून भांडतातही तीच. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांनी स्वतःच्या जिवावर चालवलेली आणि इतक्या गंभीरपणे घेतली जाणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

त्या कागदावर ‘सर्वांसाठी खुली’ असं लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरी ठाणे, कल्याण, मुंबईकडच्या संघांतल्या कलाकारांची नावं वाचताना मी सवयीने आपली नावं शोधतो. कधी एखादं सापडतं, बहुधा बॅकस्टेजच्या यादीत. कधी एकही नसतं. त्याच कॉलेजांच्या वर्गांत, कॅन्टीनमध्ये, क्रिकेटच्या संघात मात्र आपली मुलं असतात. मग नेमकं याच दरवाज्याशी ती का थांबतात? दोष एकाच बाजूवर टाकून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना कडी आहे.

ज्यांचा या जगाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक भरवते. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ अशी आरोळी उठली की पुण्यातल्या जुन्या माणसालाही कळतं की पुरुषोत्तम सुरू झालं. पुण्यातच फिरोदिया करंडक आहे. मुंबईत आयएनटीची स्पर्धा आहे, 2014 पासून ‘लोकसत्ता’ची लोकांकिका आहे, आणि वर्षभरातल्या विजेत्या एकांकिकांची सवाई 25 जानेवारीच्या रात्री रंगते. याशिवाय विद्यापीठांचे युवा महोत्सव. तिथे एकांकिकेला 30 मिनिटं मिळतात, प्रहसनाला 10 आणि मूकनाट्याला 5. भिवंडीच्या पोराला यातलं बरंच काही खुलं आहे. मराठी नाटक, मालिका आणि सिनेमात आज दिसणारे कितीतरी चेहरे या स्पर्धांतून वर आले आहेत. पण माझा मुद्दा चेहऱ्यांचा नाही. ऑडिशन दिलेल्या 100 मुलांपैकी नट बनणारी 2 असतील. उरलेली 98 बँकेत, शाळेत, कोर्टात, कंपनीत जातात. त्यांना त्या 2 महिन्यांनी काय दिलं, तो माझा मुद्दा आहे.

मी भिवंडीचा. नोकरी पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात. ठाण्याहून बाळकूम, कशेळी, काल्हेर करत भिवंडीकडे निघालात की अंजूरफाट्याच्या आधी पूर्णा लागतं. एकेकाळी भातशेतीचं गाव, आता मैलभर पत्र्याची गोदामं. मुंबईत ऑनलाइन मागवलेली वस्तू बऱ्याचदा याच पट्ट्यातून निघते. गाव आगरी, गोदामात काम करणारे उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, खानदेश अशा सगळीकडचे, आणि माझ्यासारखे भिवंडीहून रोज येणारे मुसलमान. ऑफिसात कॉलेज करून दुपारनंतर पार्टटाइम बसणारी मुलं असतात. त्यांच्याशी बोलताना हा विषय दरवर्षी निघतो. कोणीतरी नोटीस पाहिलेली असते. जायचं का, यावर चर्चा होते. आणि मग एक वाक्य हमखास येतं: “सर, आपल्याला कोण घेणार?”

हे वाक्य मला खटकतं, आणि ते कुठून येतं हेही मला माहीत आहे.

पहिलं कारण नावाचं आहे. ऑडिशनला गेल्यावर फॉर्म भरायचा, नाव सांगायचं, मग एक पान हातात येतं आणि ते वाचायचं. 2010 साली मी एका कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना अशीच ऑडिशन दिली. मुंबईवरच्या हल्ल्याला दोन वर्षंही झाली नव्हती आणि त्या हंगामात दहशतवादावरच्या एकांकिकांची लाट होती. माझ्या आधीच्या मुलांना त्यांनी एका बेकार तरुणाचं स्वगत दिलं होतं. माझं नाव ऐकल्यावर समोरच्या सीनियरने हातातलं पान बाजूला ठेवलं आणि दुसरं पान दिलं. त्यात बॉम्ब ठेवायला निघालेला सलीम होता. त्या मुलाच्या चेहऱ्यावर कसलाही द्वेष नव्हता. उलट त्याला वाटलं असणार की याला हे पान सोपं जाईल. मी ते वाचलं, आणि मग ते बेकार तरुणाचं पानही मागून घेऊन वाचलं. दोन्ही वाचल्यावर मला एका रेल्वे टीसीची छोटी भूमिका मिळाली. टीसीचं नाव कदम होतं.

हा अनुभव मी एकट्यानेच घेतलेला नाही. आपल्यातल्या ज्या ज्या मुलाने ऑडिशन दिली, त्याच्याकडे याची एखादी आवृत्ती असते. मराठी एकांकिकेत मुसलमान माणूस ठरावीक वेशात येतो. एक बॉम्ब ठेवणारा. एक दंगलीत दुसऱ्यांना वाचवताना मरणारा भला चाचा. एक शेरोशायरी करणारा प्रेमी. आणि एक बुरख्याआडून सुटका शोधणारी मुलगी. यातलं कुठलंच पात्र मुळात खोटं नाही. पण वीजबिलावरून घरमालकाशी भांडणारा, पोराच्या बारावीच्या मार्कांनी हैराण झालेला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उगाच आडवा बोलणारा मुसलमान त्या रंगमंचावर कुठे आहे? असा माणूस भिवंडीत दर दहा पावलांवर भेटतो. तो एकांकिकेत येत नाही, कारण लिहिणाऱ्या टोळक्यात त्याच्या घरचं कोणी बसलेलं नसतं. 19 वर्षांचा मुलगा जे पाहतो तेच लिहितो. त्याने आपलं घर पाहिलेलं नाही, हा त्याचा एकट्याचा गुन्हा नाही.

2022 मध्ये पुरुषोत्तमच्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडकासाठी एकही एकांकिका पात्र नाही असा निकाल दिला, तेव्हा मोठी चर्चा झाली. परीक्षक कठोर होते की मुलं कमी पडली, यावर लोक भांडले. त्या निकालाबद्दल मला मत द्यायचं नाही. पण दर्जाबद्दल बोलताना आपण दिग्दर्शन, प्रकाशयोजना आणि नेपथ्य यांच्यावरच बोलतो. हॉलमध्ये कोण बसलं आहे आणि कोण नाही, हाही दर्जाचाच प्रश्न आहे. त्याच त्या चार गल्ल्यांतली मुलं वर्षानुवर्षं लिहीत राहिली तर विषय आटणारच.

दुसरं कारण जिभेचं. “तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता हो!” हे वाक्य न ऐकलेला मराठी मुसलमान मला दाखवा. कोकणी मुसलमानाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोकणी-मराठीच बोलली जाते, सोलापूर-लातूरकडच्या घरात दखनी आणि मराठी एका ताटात जेवतात, तरी हे वाक्य संपत नाही. भिवंडीत आणखी गुंता आहे. लूमच्या कामासाठी उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी घरांत उर्दू आहे, शाळा बऱ्याचदा उर्दू माध्यमाची, आणि मराठी हा एक पेपर. त्या मुलाचं मराठी व्याकरण ठीक असतं, पण ‘वेळ’ची ‘वेल’ होते, ‘मण’चं ‘मन’ होतं आणि ‘चार’ व ‘चारा’ या दोन शब्दांत च वेगळा आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ऑडिशनमध्ये या एका ‘ळ’वर हॉल हसतो. हसणं वाईट हेतूचं नसतं, पण ते पोर पुन्हा येत नाही.

इथे मला पूर्णा गावातल्या आगरी मुलांची आठवण होते. त्यांची मराठी कोणाला परकी वाटत नाही, पण तीही हसण्यासाठीच वापरली जाते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आगरी बोलणारा माणूस आला की प्रेक्षक वाक्य संपायच्या आधी हसतात. माझा एक आगरी सहकारी म्हणतो, “आमच्या भाषेत कोणी मेला तरी लोक हसतील.” म्हणजे प्रश्न मुसलमानांपुरता नाही. प्रमाण मराठी गंभीर माणसाची आणि बाकी सगळ्या मराठ्या विदूषकाच्या, अशी एक वाटणी आपल्या रंगमंचाच्या डोक्यात पक्की बसली आहे. ऑडिशन घेणाऱ्या मुलांनी ही वाटणी मोडायला हवी. एक पान प्रमाण मराठीत वाचून घ्या, आणि मग सांगा: आता हेच तुझ्या घरच्या भाषेत बोल. दुसऱ्या वेळी त्याच मुलाचा खांदा सैल होतो, हात हलू लागतात, डोळे वर येतात. नट कोण आहे ते तेव्हा कळतं. ‘ळ’ पंधरा दिवसांत शिकवता येतो.

आणि भिवंडीच्या मुलाकडे एक गोष्ट मुळातच असते, ती म्हणजे आवाज. लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला शिकवावं लागत नाही. माझ्या त्या पहिल्या ऑडिशनमध्ये मला मिळालेली एकमेव दाद हीच होती. “याला माइक नको,” असं कोणीतरी मागून म्हणालं.

आता कडीच्या आतल्या बाजूबद्दल. तिसरं कारण आपल्या घरात आहे, आणि त्यावर आपणच बोलायला हवं.

आपल्याकडे नाटक म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो जायज-नाजायजचा. मी आलिम नाही आणि फतवा देण्याचा मला अधिकार नाही. उलेमांमध्ये यावर वेगवेगळी मतं आहेत, एवढं मला दिसतं. जगात पाहिलं तर इराणात करबलाचा प्रसंग ताजियाच्या नाट्यातून शतकानुशतकं सादर होतो, इंडोनेशियासारख्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात सावल्यांच्या बाहुल्यांचं नाट्य आजही चालतं. भिवंडीतल्या उर्दू शाळांच्या स्नेहसंमेलनात आपलीच मुलं नाटकं करतात आणि आपण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. उर्दूत केलं तर तहजीब आणि मराठीत केलं तर तमाशा, असा हिशेब असेल तर तो दीनचा हिशेब नाही, तो आपल्या मनातल्या परकेपणाचा आहे. ज्यांना मुळातूनच नाटक मान्य नाही त्यांच्या मताचा मी आदर करतो, ते निदान दोन्ही भाषांना एकच नियम लावतात.

मराठी रंगभूमी ही कुणा दुसऱ्याची आहे ही समजूत इतिहासालाही धरून नाही. पेशवाईतल्या शाहिरांत सगनभाऊ होते. बालगंधर्वांच्या गाण्यामागे तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा बसत. मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. बार्शीचे महबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख बनून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजले. शफाअत खान यांची ‘मुंबईचे कावळे’, ‘शोभायात्रा’, ‘राहिले दूर घर माझे’ ही नाटकं मराठी नाटकाच्या मधल्या ओळीत आहेत, कोपऱ्यात नाहीत. आणि पंढरपुरात जन्मलेले, सोलापुरात शिकलेले, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये डॉक्टर होता होता नाटकात रमलेले जब्बार पटेल. 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी बसवलं. ते व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. 2024 मध्ये 100 वं मराठी नाट्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते. “आपल्याला कोण घेणार?” असं विचारणाऱ्या मुलाला मी हे नाव सांगतो. तेही कधीतरी कॉलेजातले एक विद्यार्थीच होते.

‘तालीम’ हा शब्दच पाहा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तो शब्द आला आणि पैलवानांच्या आखाड्याचं आणि नाटकाच्या सरावाचं नाव झाला. आपण घरात मुलांना रोज सांगतो, तालीम घे, तालीम घे. आणि पोरगं तालमीला जातो म्हणालं की कपाळाला आठ्या घालतो.

घरच्यांचे दुसरे प्रश्न मात्र मला पूर्ण रास्त वाटतात. मुलगी किती वाजता घरी येईल? सोबत कोण असेल? परीक्षेचं काय? ठाण्याच्या कॉलेजात तालीम रात्री दहाला संपली आणि कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक अडकलं तर पूर्णा यायलाच अकरा-साडेअकरा होतात, भिवंडीत आणखी पुढे. मेट्रो 5 च्या आराखड्यात पूर्णा नावाचं स्टेशन आहे, पण आपल्या मुलींनी तोवर वाट पाहायची का? ज्या अम्मीने हे प्रश्न विचारले तिला मागासलेली म्हणणं हा शहरी आळस आहे. हे प्रश्न डोंबिवलीची आईही विचारते. फरक इतकाच की डोंबिवलीच्या आईच्या ओळखीत कोणाची तरी मुलगी आधी एकांकिका करून सुखरूप शिकून नोकरीला लागलेली असते. आपल्या मोहल्ल्यात ते उदाहरण अजून कमी आहे. पहिल्या चार-पाच मुलींचा रस्ता सोपा करणं म्हणूनच महत्त्वाचं.

ते कसं करायचं हे अवघड नाही. ऑडिशनच्या नोटिशीवरच तालमीची वेळ लिहा आणि ती पाळा. लांबून येणाऱ्यांचे प्रवेश आधी घ्या, जवळ राहणाऱ्यांचे नंतर. एका सीनियर मुलीचा नंबर घरी द्या. जीआरला, म्हणजे शेवटच्या पूर्ण तालमीला, पालकांना बोलवा. हिजाब घातलेली मुलगी ऑडिशनला आली तर ‘कॉस्च्यूमचं कसं करायचं’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला काढू नका. आधी तिचं वाचन ऐका. भूमिका ठरेल तेव्हा तिच्याशी बोला, तिचं उत्तर तिलाच देऊ द्या. डॉक्टर, वकील, शिक्षिका, शेजारीण, दुकानदार अशा किती भूमिका डोक्यावरच्या कपड्याने अडत नाहीत, हे लिहिणाऱ्याला तेव्हाच सुचेल.

रमजानचंही तसंच. 2010 साली रमजान ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन तालमीच्या हंगामात आला होता. ईद आणि गणपती जवळजवळ हातात हात घालून आले. आमच्या हॉलमध्ये मगरिबच्या वेळी दिग्दर्शक न सांगता पाच मिनिटं थांबायचा. खजूर मी न्यायचो, वडापाव तो आणायचा. हळूहळू सगळे त्या पाच मिनिटांची वाट पाहू लागले, कारण उपाशी तेही असायचे. हिजरी वर्ष दरवेळी अकरा-एक दिवस मागे सरकतं, त्यामुळे सध्या रमजान जुलै-ऑगस्टच्या हंगामात येत नाही. म्हणजे तेवढं कारणही सध्या उरलेलं नाही.

आता कोणी विचारेल, आपल्या मुलांपुढे नोकरी, फी, घर असे एवढे प्रश्न असताना एकांकिकेचं एवढं कौतुक कशाला? एमपीएससीचा क्लास लावा, टॅली शिकवा. मीही तेच शिकवतो. पण भिवंडीत राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट माहीत असायला हवी. 1970 आणि 1984 च्या दंगली या शहराने पाहिल्या. 1984 नंतर काही वर्षांनी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं नियमाने एकत्र बसू लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत कोणी बंधुभावावर भाषणं ऐकायला येत नव्हतं. नळाचं पाणी, गटार, मिरवणुकीचा रस्ता अशा गोष्टींवर लोक बोलायचे. पण बोलून बोलून एकमेकांचा आवाज ओळखीचा झाला, आणि ओळखीच्या आवाजाबद्दल अफवा पसरवणं कठीण असतं.

तालमीचा हॉल ही मला विशीतल्या मुलांची मोहल्ला समिती वाटते. दोन महिने रोज चार तास एकाच खोलीत. कोणाला घाम येतो, कोणाचा डबा काय असतो, कोणाचे वडील आजारी आहेत, सगळं कळतं. एकमेकांच्या चुका झाकायला शिकावं लागतं, कारण रंगमंचावर समोरचा ओळ विसरला तर ती तुम्हालाच सांभाळायची असते. तिथे समोरचा जोशी आहे की शेख हे विचारायला वेळ नसतो. वर्गात शेजारी बसून तीन वर्षं काढता येतात आणि एकमेकांचं आडनावापलीकडे काही माहीत नसतं. तालमीत हे शक्य नाही. आज मुलं वेगळ्या वस्तीत राहतात, वेगळ्या शाळेत शिकतात आणि फोनवर वेगळ्या बातम्या पाहतात. त्यांना एकत्र घाम गाळायला लावणाऱ्या जागा किती उरल्या आहेत ते मोजून पाहा.

दुसरा फायदा रोकडा आहे. चार लोकांसमोर उभं राहून मराठीत न अडखळता बोलता येणं, हे या राज्यात जगायचं हत्यार आहे. तलाठी कार्यालय, पोलीस ठाणं, महापालिका, कोर्टाचा क्लार्क, शाळेचा मुख्याध्यापक, सगळीकडे मराठी चालते. आपली माणसं तिथे जाताना मध्यस्थ घेऊन जातात, आणि मध्यस्थ पैसे घेतो. ज्या मुलाने 300 लोकांपुढे टीसी कदमची भूमिका केली आहे तो तहसीलदारापुढे थरथरत नाही. हे मी अनुमानाने म्हणत नाही. गोदामाच्या ऑफिसात जीएसटीच्या माणसापुढे, ट्रान्सपोर्टवाल्यापुढे, गावच्या सरपंचापुढे उभं राहून बोलताना मला उपयोगी पडली ती तालमीत शिकलेली गोष्टच: आधी समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐक, मग बोल.

ऑडिशन घेणाऱ्या मुलांना माझं सांगणं इतकंच. नाव ऐकण्याआधी पान द्या. पानांच्या चिठ्ठ्या करा आणि ज्याला जी येईल ती वाचू द्या. मग सलीमची भूमिका संदीप वाचेल आणि संदीपची सलीम, आणि तुम्हाला दोघांतही काहीतरी नवं दिसेल. मुसलमान पात्र लिहिलं असेल तर एखाद्या मुसलमान मित्राला एकदा वाचून दाखवा. परवानगी मागायची म्हणून नाही, निदान ‘अल्लाताला’ आणि ‘या खुदा’ दर तिसऱ्या वाक्यात येणार नाही म्हणून. आणि नोटीस फक्त तुमच्या कट्ट्याजवळ लावू नका. वाचनालयाच्या, बसस्टॉपच्या बाजूलाही लावा. कट्ट्यावर तुमचेच मित्र असतात.

आपल्या मुलांना सांगायचं आहे ते असं. ऑडिशनच्या आधी पंधरा दिवस रोज पंधरा मिनिटं मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. ‘वेल-वेळ’, ‘पल-पळ’, ‘मन-मण’ अशा जोड्या आरशासमोर म्हणा. स्पर्धेतल्या दोन-तीन एकांकिका जाऊन पाहा. स्वगत पाठ करताना ज्या माणसाला तुम्ही ओळखता त्याचं करा, मग तो लूमचा मुकादम असो की बिर्याणीवाला. पहिल्या वर्षी भूमिका मिळाली नाही तर बॅकस्टेज घ्या, पण बॅकस्टेजलाच राहू नका. प्रकाशयोजना शिका, संगीत चालवायला शिका, आणि संहितेच्या बैठकीत बसा. भूमिकेपेक्षा ती बैठक मोठी आहे, कारण पुढच्या वर्षी पात्रांची नावं आणि त्यांची आयुष्यं तिथेच ठरतात. हातात सलीमचं पान आलं तर तेही मन लावून वाचा. मग दुसरं पान मागा. मागायला लाजू नका, बाकीची मुलंही मागतातच.

आणि पालकांना एक विनंती. पोरगं किंवा पोरगी ऑडिशनचं बोलली तर ‘नाही’ म्हणण्याआधी हॉल कुठे आहे ते विचारा आणि एकदा जाऊन पाहा. दारात चपलांचा ढीग असेल, आत पोरं ओरडत असतील, कोणीतरी फरशीवर खडूने रेषा मारत असेल. दहा मिनिटं बसा. नंतर जे ठरवायचं ते ठरवा.